उत्तर: ताईंना हिस्सा नको असेल, तरी साध्या स्टॅम्प पेपरवर भागवू नका

तुमच्या ताईंना गोव्यातल्या डिचोलीच्या घरातला हिस्सा नकोय, तो धाकट्या भावाला मिळावा अशी त्यांची इच्छा आहे आणि ‘ना-हरकत पत्र चालेल’ असं कार्यालयात सांगितलं, हे वाचून राहवलं नाही. मी वकील नाही, पण हेच भोगलंय.

वारस ठरवण्याचा दस्त वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. आजोबा गेल्यावर आत्याने हक्क सोडायचं ठरवलं. एका सरकारी कार्यालयातल्या कारकुनाने स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायला लावलं, साध्या नोटरीचा शिक्का मारून घेतला आणि ‘झालं काम’ म्हणाला. पुढे म्युटेशनला, म्हणजे जमिनीच्या नोंदीत नावं बदलायला, अर्ज केला तेव्हा त्याच कार्यालयाने तो कागद परत केला. हक्कसोड विशेष नोटरीपुढच्या (वारसाहक्काचे दस्त करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढच्या) दस्तानेच होते म्हणे! तोवर आत्या वारली होती. तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे गेला. मुलगे, मुली, सुना, जावई, सगळ्यांच्या सह्या आल्या, दुबईतल्या जावयाचं मुखत्यारपत्रही आलं. चुकीचं सांगणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही, याचा संताप आजही जात नाही. तोंडी सल्ला मिळाला की तो लेखी मागा.

दुसरं, हक्क सोडला की तो ‘फक्त धाकट्याला’ जात नाही. अमुक एकालाच द्यायचा तर बक्षीसपत्राचा मार्ग वेगळा. थोडा हक्क सोडते, थोडा ठेवते, असंही चालत नाही. आणि भावजींची संमती लागेल.

माझं ठाम मत असं की 22 डिसेंबर 2016 पासून आपला गोव्याचा नवा वारसा कायदा लागू झाला, तेव्हाच एक सक्ती घालायला हवी होती: सही करणाऱ्या बाईला एकटीला बसवून, हिस्सा कुणाला मिळणार आणि तिच्या मुलांचं काय जाणार, हे वाचून दाखवायचं. इंग्लंडने 2011 च्या कायद्याने नाकारणारा किंवा अपात्र ठरलेला वारस आधीच वारला असं मानायला सुरुवात केली, म्हणजे नातवंडांचा हक्क बुडत नाही. त्याआधी तिथे आईवडिलांचा खून करणाऱ्याच्या निरपराध मुलालाही आजी-आजोबांचं काही मिळालं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 27 मध्येही अपात्र वारसाबाबत असंच आहे, पण तो कायदा आपल्या गोव्यात चालत नाही. आपल्याकडच्या मुली माहेर तुटू नये म्हणून सह्या करतात. त्यांच्या मुलांचा विचार कायद्याने करायला नको?

ताईंना तुमच्या वकिलाकडे नव्हे, त्यांच्या स्वतःच्या वकिलाकडे पाठवा. मुलांच्या हक्काचं उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या. आणि एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, ताजा उतारा काढून त्यावर कुळाचं नाव लागलंय का, तेही आत्ताच बघा.