सुरुवातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एवढा गोंधळ होता, तरी लोक त्याच्या प्रेमात का पडले? आणि तो आज खेळण्याजोगा आहे का?

तुम्ही लिहिलंय की या खेळाचे (प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र घ्यायचं आणि बोलत, फासे टाकत साहसं करायची) १९७४ चे मूळ नियम वाचायला घेतले आणि दहाव्या पानापर्यंत डोकं गरगरायला लागलं. तुमचं डोकं शाबूत आहे. ते नियम खरंच तसे आहेत.

आमचा पुण्यात एक छोटा अड्डा आहे, जमेल तसा बसतो, आणि आम्ही हट्टाने ही जुनी आवृत्तीच खेळतो. रेफरी, म्हणजे समोरचं जग आणि राक्षस सांभाळून निकाल देणारा, बहुतेक वेळा मी असतो. त्यामुळे या पुस्तिकांशी माझं भांडण आणि प्रेम दोन्ही जुनं आहे.

मुळात हे नियम नवख्या माणसासाठी लिहिलेलेच नव्हते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन दोघेही टेबलावर सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांपैकी. आर्नेसनने १९७१ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटात 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ सुरू केला. त्यात प्रत्येकाच्या हाताखाली सैन्य नाही, एकच माणूस, आणि खाली तळघरांचं जाळं. तो प्रकार गायगॅक्सने पाहिला आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हात बसून नियम टाइप करायला घेतले. विमा कंपनीतली नोकरी गेलेली, घरात बूट दुरुस्त करून चार पैसे मिळवणं चाललेलं. तीन बारक्या पुस्तिका, एक खोका, किंमत १० डॉलर, पहिल्या १००० प्रती. लढाईसाठी 'चेनमेल' हे सैनिकी लढायांच्या नियमांचं आधीचं पुस्तक तुमच्याकडे असणारच असं गृहीत धरलेलं. रानातल्या प्रवासासाठी तर भलत्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट आणा म्हणतात, आणि त्यावरचे पाणवठे म्हणजे किल्ले समजा, घरं म्हणजे गावं समजा! फासे शाळांना साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून मागवलेले. पुढे १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेला पुठ्ठा यायचा. चौकोन कापा, कपात घाला, हात घालून एक काढा.

आता आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. खेळात माझी मावसबहीण जादूगार होती. हिट पॉइंट (अंगातला जीव, संपला की मेलात) दोन, मंत्र एक, आणि तो म्हटला की त्या दिवसापुरता डोक्यातून गेला. मंत्र वापरून झालेला, आणि मागे कुत्र्याएवढे उंदीर लागलेले. ती पळता पळता म्हणाली, "दादा, थैलीतलं खाणं मागे टाकलं तर?" मी तिसरी पुस्तिका उघडली, तर चक्क नियम! बिनडोक प्राणी असेल तर खाणं बघून थांबण्याची शक्यता ९० टक्के, हुशार असेल तर १० टक्के, आणि खजिना टाकला तर बरोबर उलट. उंदीर थांबले. पुढच्याच वळणावर ऑर्क (टोळीने फिरणारे लढाऊ राक्षस) भेटले आणि पहिला वार कुणाचा यावर आमचा अर्धा तास गेला, कारण ते या तिन्ही पुस्तिकांत कुठे धड सांगितलेलंच नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी एकेक फासा टाकायचा असं ठरलं. आजही आमच्याकडे तसंच चालतं.

पाठलागात फेकलेल्या भाकरीचा हिशेब आहे, पण लढाईत आधी कोण हे नाही. माझ्या मते लोक अडकले ते या विचित्र भोकांमुळेच. भोक दिसलं की टेबलावरच्या माणसांना ते बुजवावंच लागतं, आणि बुजवलं की तो खेळ त्यांचा होतो. गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा आउट कुणी छापून दिलं होतं? गायगॅक्स-आर्नेसननी शेवटी स्वतःच म्हटलंय की तुमच्या वाटची कल्पना आम्ही का करावी. हे औदार्य होतं की थकवा, देव जाणे. लोकांनी मात्र शब्दशः मनावर घेतलं. लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' सुरू केलं: सभासद आपापली पानं पाठवायचे, ती एकत्र बांधून सगळ्यांना जायची, आणि पानोपानी "आमच्याकडे असं खेळतात" यावरून वाद. फिनिक्सच्या केन सेंट आंद्रेला तर मूळ नियम इतके अगम्य वाटले की त्याने त्याच वर्षी स्वतःचा 'टनेल्स अँड ट्रोल्स' लिहून काढला.

राक्षसांचं तर विचारूच नका. लोखंडाला गंज लावून फस्त करणारा रस्ट मॉन्स्टर आणि घुबडाचं तोंड असलेलं अस्वल हे दोघे हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पाकिटातून आले. गायगॅक्सला ती खेळणी दुकानात मिळाली, आणि ही काय बला आहे हे त्याचं त्यालाच ठरवावं लागलं. तक्त्याप्रमाणे ऑर्क भेटले तर ३० ते ३०० भेटतात. ड्रॅगनला मारायलाच हवं असंही नाही. त्याला नमवून बाजारात विकता येतं, दर प्रत्येक हिट पॉइंटमागे ५०० ते १००० सोन्याची नाणी.

यातून खेळण्याची एक वेगळी चाल पडते. अनुभवाचे गुण मुख्यतः सोन्यावर मिळतात आणि अंगात जीव जेमतेम असतो, त्यामुळे शहाणा खेळाडू लढत नाही. तो लाच देतो, पळतो, दहा फुटी काठीने फरशी ठोकत जातो. रॉब कुंट्झ हा गायगॅक्सच्या टेबलावरचा बेरकी खेळाडू, सापळे तपासायला ऑर्कांना पुढे घालायचा. अशांची जिरवायला म्हणूनच गायगॅक्सने 'टूम ऑफ हॉरर्स' हे सापळ्यांनी भरलेलं थडगं रचलं, जिथे भिंतीवरच्या हिरव्या सैतानाच्या उघड्या तोंडात शिरलेला माणूस कायमचा नाहीसा होतो. मला ते वाचायला फार आवडतं, खेळायला अजिबात नाही.

आणि हे सगळंच गोड होतं असं म्हणणार नाही. नियम कमी म्हणजे रेफरीची सत्ता जास्त. खुनशी किंवा लहरी रेफरी मिळाला तर संध्याकाळ फुकट, आणि दाद मागायला पुस्तकात पान नाही. दुसऱ्या गावच्या स्पर्धेत गेलात तर तिथे खेळच वेगळा. १९७७ ते १९७९ दरम्यान याच खेळाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाडजूड पुस्तकं आली त्यामागे हेही एक कारण होतं. गंमत म्हणजे त्यातही जादूची दोन औषधं एकत्र प्यायल्यास काय होईल याचा तक्ता आहेच, आणि सर्वात वाईट फासा पडला तर स्फोट.

तर आज खेळावं का? हो, पण मूळ पुस्तिकांपासून सुरुवात करू नका. 'स्वोर्ड्स अँड विझर्ड्री' घ्या, त्यात तेच जुने नियम माणसाला समजतील असे लावलेले आहेत. तीन-चार माणसं पुरे. पहिल्या दिवशी पात्रं दहा मिनिटांत बनवा, नावांवर वेळ घालवू नका, त्यातली निम्मी रात्रीपर्यंत मरतील. नियम आठवला नाही तर शोधत बसू नका, फासा टाका, निकाल द्या, वहीत लिहून ठेवा. वीस बाजूंचे वगैरे फासे मिळत नसतील तर 'टनेल्स अँड ट्रोल्स' बघा, त्याला साधे सहा बाजूंचेच लागतात. लुडोच्या डब्यातले चालतील, फक्त दोन-तीन डबे गोळा करावे लागतील.