स्टिअरिंग वळवताना घुंऽऽ आवाज

प्रश्न : माझी गाडी २००६ची, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची. सकाळी स्टिअरिंग वळवताना घुंऽऽ असा आवाज येतो. ऑइल टाकलं, फरक नाही. मेकॅनिक पंप बदलायला सांगतो. बदलू का?

उत्तर : थांबा, आधी इंजिन चालू ठेवून पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीत बघा. ताकासारखा फेस दिसला तर पंप हवा ओढतोय. डबीतून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप जुनेपणाने कडक होतो, क्लिप सैल पडते. तिथून ऑइल गळेलच असं नाही, कारण ती ओढणारी बाजू आहे. म्हणूनच हा दोष नजरेतून सुटतो. ऑइलला चालणारा पाइप आणि नव्या क्लिपा घाला. पाण्याचा पाइप मुळीच नको, तो ऑइलने फुगतो. डबीच्या तळाची जाळी गाळाने तुंबली असेल तर तीही साफ करा.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, साधारण १ लिटर आणा. ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका, सील खराब होतात. मग आत अडकलेली हवा काढायला पुढची चाकं जॅक-स्टँडवर उचला आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत १५-२० वेळा सावकाश फिरवा. पातळी उतरेल तसं ऑइल भरत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करा. स्टिअरिंग टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका.

‘चीं’ असा कर्कश आवाज असेल तर तो पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा. फेस नाही, पातळी बरोबर, तरी घरघर कायम असेल, तेव्हा पंप उघडायचा.