समोरच्याच्या विमा कंपनीचं पत्र म्हणजे निकाल नव्हे

डिचोलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. ९ जूनला महामार्गावर गिरीजवळ पुढची रांग थांबली म्हणून त्यांनी गाडी थांबवली आणि मागून भाड्याची गाडी येऊन आदळली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, चालवणारा पर्यटक. बंपर, डावा टेललॅम्प आणि डिकीचं दार गेलं. कुणाला खरचटलंही नाही. बिल झालं ३८,४०० रुपये. त्यांच्या स्वतःच्या विमा कंपनीने २५,९०० दिले, शिवाय पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेला. उरलेले पैसे त्यांनी भाड्याच्या गाडीच्या विमा कंपनीकडे मागितले. ऑक्टोबरच्या मध्याला उत्तर आलं: तुम्ही अचानक ब्रेक मारलात, निम्मी चूक तुमची, मागणी नामंजूर. ‘या निर्णयाविरुद्ध अपील कुठे करायचं?’ असा त्यांचा प्रश्न आहे. अशी पत्रं वर्षभर येतात, फक्त गाडी आणि तिठा बदलतो.

अपील कुठेच करायचं नाही. अपील निकालावर असतं आणि तुमच्या हातात निकाल नाहीच. समोरच्याच्या विमा कंपनीने आपले पैसे वाचवण्यासाठी घेतलेली ती भूमिका आहे. अपघातात चूक कोणाची आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने तिला दिलेला नाही. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आहे. त्या पत्राला तुम्ही गेला महिनाभर ईमेलवर ईमेल पाठवून उत्तरं देत बसलात, कस्टमर केअरचे तक्रार क्रमांक जपून ठेवलेत. त्या क्रमांकांचा काडीचा उपयोग नाही.

उपयोग आहे तो एका तारखेचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६(३) प्रमाणे न्यायाधिकरणाकडचा अर्ज अपघात घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजायची, कंपनीचं पत्र आलं त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे तुमची मुदत ९ डिसेंबरच्या सुमारास संपते, आणि तुमचं पत्र माझ्यापर्यंत पोचलं ते नोव्हेंबरात. मधल्या काळात कंपनीशी पत्रव्यवहार चालू होता म्हणून मुदत थांबत नाही. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ असं उत्तर देण्यात त्यांचं काहीच जात नाही.

तुमचे एजंट म्हणाले, ‘अपघाताच्या क्लेमला मुदत नसते.’ ते खोटं बोलले नाहीत, जुनं बोलले. १९८८ च्या मूळ कायद्यात सहा महिन्यांची अट होती, ती १९९४ च्या दुरुस्तीने काढली. त्यानंतर पंचवीसेक वर्षं खरोखरच मुदत नव्हती आणि माणसं तीन-तीन वर्षांनी अर्ज करायची. २०१९ च्या दुरुस्तीने अट परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या वेळी उशीर माफ करण्याची तरतूदही त्या कलमात ठेवलेली नाही. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, हे खरं. पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. ज्यांची मुदत आधीच हुकली आहे त्यांच्यासाठी ती आशा आहे. तुमची हुकलेली नाही.

मुदत सर्वांत आधी सांगितली, कारण बाकीचे मुद्दे थोडे इकडे-तिकडे झाले तरी निभावतं. आता ते बघू.

मेहुण्यांनी विमा लोकपालाकडे जायला सांगितलं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. व्यवस्था चांगली आहे, पण ती आपल्या स्वतःच्या विमा कंपनीविरुद्ध. भाड्याच्या गाडीच्या कंपनीशी तुमचा करारच नाही, मग तिथे तुम्ही पॉलिसीधारक म्हणून उभे कसे राहणार? ग्राहक आयोगातही पहिला प्रश्न हाच येईल, की तुम्ही तिचे ग्राहक कसे. ही दोन्ही दारं तुमच्या कंपनीने तुमचा क्लेम नाकारला असता तर उघडी होती, आणि तेव्हाही लोकपालाची मुदत एक वर्षाची आणि आयोगाची दोन वर्षांची असती. तिने तर पैसे दिलेत.

बोनसबद्दल तुम्ही आपल्या कंपनीशी भांडताय, तेही सोडा. क्लेम घेतला की बोनस जातो, चूक कोणाचीही असो. पॉलिसीत बोनस सुरक्षित ठेवणारं जास्तीचं कलम घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पत्रासोबत जोडलेल्या पॉलिसीत ते दिसत नाही.

न्यायाधिकरणात मागायचं काय? पूर्ण ३८,४०० नव्हेत. तुमच्या कंपनीने दिलेली रक्कम दुसऱ्यांदा मिळत नाही, आणि ती मिळाल्याचं अर्जात स्वतःहून लिहा. लपवलंत तर समोरचा वकील तेवढ्यावरच तुम्हाला उभं-आडवं घेईल. मागायचे ते वरचे साडेबारा हजार. ते का कापले गेले ते तुमच्या सर्व्हेअरच्या हिशेबात दिसतं: प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट पन्नास टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कापलेली किंमत. बंपर प्लॅस्टिकचा, टेललॅम्पही प्लॅस्टिकचा, म्हणून दोन्ही निम्म्यावर आले. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचा वाटा, हजार रुपये. हे नुकसान तुमच्या खिशातून गेलंय आणि ते मागायला हरकत नाही. बोनसचं नुकसान मागून बघा, मिळेलच असं मी म्हणणार नाही. आणि आपल्या कंपनीचे पैसे घेताना ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या व्हाउचरवर सही केली होती का, ते आधी तपासा. केली असेल तर समोरची बाजू त्यावर बोट ठेवणार. माझ्या मते ती सही तुम्ही आपल्या कंपनीपुरती केलीत, पण यावर वाद होऊ शकतो.

अचानक ब्रेकचं म्हणाल तर, २०१७ च्या वाहनचालन नियमावलीत दोन्ही गोष्टी आहेत. मागच्याने पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवावं, आणि पुढच्याने गरज नसताना एकदम ब्रेक मारू नये. रांग थांबली होती हे तुम्ही दाखवू शकलात तर दुसरा नियम तुमच्या आड येऊ नये. दाखवणार कशाने, हा खरा प्रश्न. पोलिसांनी ‘आपसात मिटवा’ म्हटलं आणि तुम्ही पंचनामा न करताच गाडी काढलीत. पावसात, मागे हॉर्न वाजत असताना तसं वाटतं, कळतं मला. पण पंचनाम्याचा एक कच्चा नकाशा, गाड्या कुठे होत्या, काचेचे तुकडे कुठे पडले होते, एवढा असता तर आज त्या कंपनीने निम्म्या चुकीची भाषा केली नसती. आता तुमच्याकडे आहेत तीन फोटो आणि शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांचा नंबर. दुसऱ्या फोटोत तुमच्या पुढची बस दिसते आणि तिचे ब्रेकलाइट पेटलेले आहेत. तुमच्या सगळ्या कागदांत मोलाचा कागद तोच. त्या गृहस्थांना आजच फोन करा. सहा महिन्यांनी माणूस ‘नीट आठवत नाही’ म्हणतो, वर्षाने फोनच उचलत नाही.

अर्जात तिघांना प्रतिवादी करा: चालक, मालक आणि विमा कंपनी. चालकाचा पत्ता तुमच्याकडे नाही म्हणून अडून राहू नका. कलम १६० खाली वाहनाचा आणि चालकाचा तपशील नुकसानभरपाई मागणाऱ्याला देणं पोलिसांवर आणि नोंदणी अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. समोरच्या पॉलिसीत त्रयस्थाच्या, म्हणजे तुमच्यासारख्या बाहेरच्याच्या, मालमत्तेच्या भरपाईची मर्यादा किती आहे तेही बघा. ती साधारण साडेसात लाखांची असते, पण काही मालक प्रीमियम वाचवायला ती सहा हजारांवर आणून ठेवतात. तसं निघालं तर वरचे पैसे मालकाकडून वसूल करावे लागतील.

आणखी एक. गाडी पत्नीच्या नावावर आहे, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. कलम १६६ प्रमाणे मालमत्तेच्या नुकसानीचा अर्ज मालमत्तेच्या मालकाने करायचा असतो. अर्जदार त्या, तुम्ही साक्षीदार. आतापर्यंतचा सगळा पत्रव्यवहार तुमच्या नावाने झालाय. त्याने फार बिघडणार नाही, पण अर्जावर सही त्यांचीच हवी.

साडेबारा हजारांसाठी एवढं करावं का? वकिलाची पूर्ण फी देऊन केलंत तर हाती फार उरणार नाही, हे वकील असूनही सांगतो. पण दावा दाखल झाला की कंपनीचा सूर बदलतो. एवढ्या रकमेसाठी तारखांना वकील पाठवणं तिलाही परवडत नाही, आणि अशी प्रकरणं लोकअदालतीत मिटतात. उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा न लावताही अर्ज करता येतो. मात्र तिथला अर्ज न्यायाधिकरणाची मुदत वाढवत नाही. म्हणून आधी दावा दाखल करा, मग लोकअदालत मागा. उलट क्रमाने गेलात आणि तिथे पुढची तारीख जानेवारीची मिळाली, तर हातात काही उरणार नाही. दोन हजारांवरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी दिवाणी न्यायालयात जाण्याची मुभा कलम १६५ मध्ये आहे आणि तिथली मुदत लांब आहे, पण तिथल्या तारखा त्याहून लांब. तो रस्ता मी तरी सुचवणार नाही.

फोटो व्हॉट्सअपवरून पुढे पाठवलेले नकोत, ज्या फोनने काढले त्यातलेच हवेत. तो फोन विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यांच्यासोबत जोडावं लागेल, आणि त्यावर फोन ज्याचा त्याची सही लागेल.