डोळ्याचं प्रेशर २४ आलंय पण बीपी नॉर्मल आहे, मग मला काचबिंदू होणार का?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, चष्म्याचा नंबर काढायला गेलात तर हवा मारायच्या मशीनवर दोन्ही डोळ्यांत २४ आलं, वडिलांना काचबिंदू होता आणि बीपी नॉर्मल असताना हे आलं कुठून. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सात वर्षं रोज रात्री डोळ्यात थेंब टाकणारा पेशंट आहे, त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना विचारून विचारून जमवलेलं समजा.

बीपीचा आणि ह्याचा थेट संबंध नाही हो. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला बारीक जाळी असते तिथून ते निघून जातं, ती जाळी नीट वाहत नसली की पाणी साठतं आणि आतला दाब वाढतो, आणि तो मागच्या नसेवर येतो. नस एकदा सुकली की परत येत नाही. १० ते २१ नॉर्मल धरतात, पण ह्या २१ चं लोकांनी उगाच देव करून ठेवलंय.

माझंच बघा. कॅम्पमध्ये दोनदा प्रेशर तपासलं, एकदा १७ एकदा १८, दोन्ही वेळा "छान आहे काका" म्हणून घरी पाठवलं, आतली नस कुणी बघितलीच नाही. पुढे गाडी चालवताना डावीकडून येणारे स्कूटरवाले अचानक उगवल्यासारखे वाटायला लागले म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे गेलो तर फील्ड टेस्टमध्ये (समोर बघत असताना आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) डाव्या डोळ्याचा बराच भाग गेलेला. नॉर्मल प्रेशरमध्येही काचबिंदू होतो हे मला तेव्हा कळलं, आणि गंमत म्हणजे त्यावरही उपाय एकच, आहे ते प्रेशर अजून खाली आणायचं. वय, घराणं, हे काही बदलता येत नाही ना, हातात फक्त प्रेशर आहे.

आता तुमचं २४. ह्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली निकाल आला, सोळाशेच्या वर लोक, प्रेशर २४ ते ३२ पण नस चांगली असलेले. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. म्हणजे औषधाने धोका निम्म्यावर येतो हे खरंच, पण औषधाशिवायही शंभरातल्या नव्वदांना त्या पाच वर्षांत काही झालं नाही, तेव्हा आज रात्री झोप उडवून घेऊ नका.

त्याच अभ्यासात अजून एक निघालं, बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, पातळ असेल (५५५ मायक्रॉन किंवा कमी) तर जाड काचवाल्यांपेक्षा (५८८ च्या वर) धोका तिप्पट. शिवाय जाड काचेवर मशीन आकडा जास्त दाखवतं आणि पातळवर कमी. म्हणून काचेची जाडी मोजून घ्याच, आणि प्रेशर परत मोजा, हवेवर नाही, ते पिवळं औषध घालून निळ्या लाईटने मोजतात तसं. वेळही बदलून बघा, दिवसभरात प्रेशर वर खाली होतं, आडवं झालं की वाढतं, बऱ्याच जणांचं पहाटे जास्त असतं जेव्हा कुठलाच दवाखाना उघडा नसतो. पाणी निघून जायची ती कडेची जागा अरुंद आहे का हेही भिंगातून बघायला सांगा, कारण तसं असेल तर प्रेशर एकदम चढून डोळा लाल, डोकं ठणकणं, उलट्या असं होऊ शकतं, त्याचा इलाज वेगळा, लेझरचा.

डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून स्वतःच आणलेले ड्रॉप वापरता का? त्यात स्टिरॉईड असलं तर काही लोकांचं प्रेशर चांगलंच चढतं आणि दुखत बिखत काही नाही, उलट डोळा पांढरा छान दिसतो. गोळ्या, दम्याचा पंप, चेहऱ्याला लावायचं क्रीम, सगळं डॉक्टरांना सांगा. बीपीचा जो काही संबंध आहे तो उलटाच आहे, रात्री बीपी फार खाली गेलं तर नसेला रक्त कमी पडतं, मी झोपताना बीपीची गोळी घ्यायचो ती दोन्ही डॉक्टरांशी बोलून सकाळवर नेली. स्वतःच्या मनाने नाही.

आणि शीर्षासन! मी वीस वर्षं रोज पाच मिनिटं उभा राहायचो डोक्यावर, मंडळात कौतुक व्हायचं. चेन्नईला योग करणाऱ्यांवर तपासणी झालीये, शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट होतं, खाली आलं की परत उतरतं. माझी नस त्यानेच गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण बंद करा म्हणाले, केलं. बाकी सूर्यनमस्कार, चालणं चालू आहे, चालण्याने प्रेशर थोडं कमीच होतं.

वडिलांना होता म्हणजे तुमच्या भावा-बहिणींनाही तपासायला पाठवा, दिसतंय व्यवस्थित म्हणून थांबले तर माझ्यासारखं होईल.

एक राहिलं, चष्मा घालवायला कधी लासिक केलं होतं का? तुम्ही लिहिलं नाहीये. केलं असेल तर तपासणीआधी सांगा, त्यात काच पातळ होते आणि मग मशीनवर २४ आलं तरी तुमचं खरं प्रेशर त्याहून जास्त असू शकतं.