गॅरेजची भट्टी झालीये, काय करू?

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही वडगाव बुद्रुकला रो-हाउसमध्ये राहतो. बाजूला गॅरेज आहे, वर पत्रा, शटर पश्चिमेला. बाबा रिटायर झाल्यापासून तिथेच सुतारकाम करत बसतात, पण एप्रिल लागला की दुपारी तीननंतर आत उभं राहवत नाही, पंखा लावला तर गरम वारा अंगावर येतो. भाऊ म्हणतो एसी लावू, बाबा म्हणतात बिल कोण भरणार, आणि मी मधल्यामधे. फार खर्च न करता काय करता येईल?

उत्तर : एसीबाबत बाबांचंच बरोबर आहे, आणि बिल हे तर दुसरं कारण झालं. पहिलं कारण म्हणजे शटर. शटरच्या पट्ट्यांमधून, खालून, दोन्ही बाजूंच्या पट्टीतून इतकी हवा ये-जा करते की तो एसी बिचारा अख्खा वडगाव गार करत बसेल. त्यात वर तापलेला पत्रा. तेव्हा एसीचं आत्ता डोक्यातून काढा.

आधी एक करा. पाच वाजता गॅरेजमध्ये जा, स्टुलावर चढा आणि तळहात पत्र्याच्या खाली वीतभर अंतरावर धरा, लावू नका, पोळेल. तव्यावर धरल्यासारखं लागतं की नाही? मग हात तसाच शटरसमोर धरा, मग पूर्वेच्या भिंतीसमोर. भिंतीसमोर काहीच लागणार नाही. म्हणजे तुमच्या बाबांना हवेचा त्रास आहे त्याहून जास्त त्या दोन पत्र्यांमधून अंगावर येणाऱ्या धगीचा आहे. पंखा धग थांबवत नाही, तो फक्त घाम वाळवतो, आणि आतली हवाच तापलेली असली की तीच गरागरा फिरवतो.

पुण्यात १३ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे एप्रिल-मेत सगळा मार छपरावर, आणि तीन वाजल्यापासून मावळेपर्यंत शटरवर. काम या दोनच ठिकाणी आहे आणि तेही बाहेरच्या बाजूने, ऊन एकदा पत्र्यात शिरलं की आतून कितीही खटपट करा, निम्मी वायाच जाते.

छपराला पांढरा रंग. लोक सांगतील चुना मारा, पण चुना स्लॅबला चांगला, पत्र्यावर तो नीट धरत नाही, पोपडे येतात आणि पहिल्या पावसात अंगणात दूध सांडल्यासारखं होतं. पत्र्याला पांढरा एक्स्टिरियर पेंट किंवा हीट रिफ्लेक्टिव्ह कोटिंग घ्या, दोन हात. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नवीन असेल तर आधी वॉश प्रायमर मारायलाच लागतो, नाहीतर रंग सोलून निघतो. आणि हे काम सकाळी आठच्या आत उरका, तापल्या पत्र्यावर रंग ब्रशलाच वाळतो. पत्रा जर जुना सिमेंटचा असेल तर मात्र थांबा. त्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही, ड्रिल मारायचा नाही, आणि वर चढायचं तर मुळीच नाही, पाय टाकला की मोडतो. त्याच्यावर फूटभर उंचीवर शेडनेट ताणा, बाजूला शिडी लावून जेवढं जमेल तेवढं. शेतीसामानाच्या दुकानात मिळते, ७५ टक्क्यांची घ्या.

रंगाने पुरेसा फरक नाही पडला तर आतून फॉइलची इन्सुलेशन शीट. चिकटवून टाकू नका, पत्रा आणि शीट यांच्यात दोन-तीन बोटं पोकळी ठेवा आणि चकचकीत बाजू खाली. पोकळीची दोन्ही टोकं उघडी राहिली तर तापलेली हवा तिथूनच सटकते. थर्माकोल लावू नका. मी लावला होता एका वर्षी, स्वस्त पडतो म्हणून. जूनपर्यंत कोपरे वाकले, श्रावणात उंदरांनी घर केलं, आणि ग्राइंडर चालवताना ठिणगी वर उडाली तेव्हा जो काही घाम फुटला तो उन्हाळ्यातसुद्धा कधी फुटला नव्हता. पेटतो तो, आणि काळा धूर करतो.

शटरला बाहेरून सावली पाहिजे. आतून पडदा लावून उपयोग नाही, शटर तापणार ते तापणारच. बुरुड आळीतून, पुण्यातल्या बांबूकामाच्या बाजारातून, बांबूचा चिकाचा पडदा आणा आणि शटरच्या बाहेर चार-सहा इंच सोडून टांगा, मधून हवा खेळली पाहिजे. जागा असेल तर मांडव करून मधुमालती चढवा, पण वेल भरायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर चिक.

आता हवा. तापलेली हवा वर जाऊन बसते, म्हणून एक्झॉस्ट जितका उंच बसेल तितका वर बसवा, बारा इंची पुरेल, तपकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, भरपूर चॉइस आहे. पण नुसता एक्झॉस्ट लावून सगळं बंद ठेवलंत तर तो नुसताच भुणभुणतो. हवा बाहेर काढायची तर तेवढीच आत यायला वाट पाहिजे, ती पूर्वेला किंवा उत्तरेला, सावलीतून, जमिनीलगत. जाळी लावा, नाहीतर मांजर येऊन बाबांच्या भुश्शात पिल्लं घालेल. शटर अर्धं उघडून हवा घेऊ नका, तिथून येणारी हवा तापलेल्या डांबरावरून येते.

आपल्याकडची एक मजा म्हणजे एप्रिलात दुपारी ३८-४० असलं तरी पहाटे २०-२२ वर येतं. रात्री नऊला एक्झॉस्ट चालू करा, सकाळी बंद करा आणि नऊनंतर सगळं लावून घ्या. खाली शहाबादी फरशी असेल तर ती रात्रभरात गार होते आणि दुपारी बारापर्यंत साथ देते. बाबांना सांगा, रंधा सकाळी मारा, दुपारी घरात येऊन वामकुक्षी. पुण्यात एक ते चार काम करणारा माणूस तसाही संशयास्पद वाटतो.

प्रश्न : गॅरेजमध्ये कूलर लावला तर? (औंध)

उत्तर : एप्रिल-मेत हवा कोरडी असते तेव्हा मस्त चालतो, फक्त एक बाजू उघडी ठेवा, बंद खोलीत तो स्टीम बाथ होतो. जूनमध्ये हवेत ओल आली की गेला कामातून. आणि तिथे हत्यारं ठेवत असाल तर पटाशा, करवती पुसून तेल लावून ठेवा, पंधरा दिवसांत गंज धरतो. सागाच्या फळ्या कूलरच्या तोंडासमोर तर नकोतच.

प्रश्न : संध्याकाळी गाडी आत लावली की गॅरेज अजूनच तापतं, हा माझा भ्रम आहे का? (कोथरूड)

उत्तर : भ्रम नाही हो. इंजिन, सायलेन्सर, उन्हात तापलेलं बॉनेट, अख्खी शेगडीच आत आणून ठेवता तुम्ही. अर्धा-पाऊण तास बाहेर सावलीत उभी करा, मग आत घ्या.

प्रश्न : गॅरेजमध्ये इन्व्हर्टर, थिनरचे डबे आणि ई-स्कूटरचं चार्जिंग, सगळं एकत्रच आहे. उन्हाळ्यात काही धोका? (हडपसर)

उत्तर : आहे. थिनर आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली फरशीवर साचते. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका, छताला जाऊन बसतो. म्हणजे वर-खाली दोन्हीकडे झरोका हवा, आणि थिनर तिथून आजच हलवा. बॅटरीचं पाणी उन्हाळ्यात लवकर आटतं, दर महिन्याला बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, बिसलेरी नाही. स्कूटर उन्हातून आणली की लगेच प्लग खुपसू नका, बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, तोवर चहा होतो.