चर्चने गरीब वस्ती पुन्हा उभी केल्याचं खरं उदाहरण आहे का?

आहे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं ब्राउन्सविल. १९७० च्या दशकात या कृष्णवर्णीय वस्तीत जळक्या इमारती आणि ओसाड प्लॉट उरले होते. तिथल्या चर्चनी एकत्र येऊन १९८० च्या दशकात घरं बांधायला घेतली. नाव दिलं नहेम्या, बायबलमध्ये जेरुसलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधणारा.

पैशांचं गणित मला फार आवडतं: चर्चनी बांधकामासाठी बिनव्याजी पैसा उभा केला, महापालिकेने जमीन दिली, वर प्रत्येक घरामागे १०,००० डॉलरचं बिनव्याजी कर्ज. एकमेकांना लागून दुमजली विटांची घरं, पुढे गाडीपुरती जागा, मागे छोटं अंगण. आणि मुख्य म्हणजे भाड्याची नाहीत, मालकीची! म्हणून तर माणसं तिथे टिकली.