पोटातल्या गळूचा पू आणि ‘नो ग्रोथ’चा रिपोर्ट

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे अपेंडिक्स फुटून पोटात गळू झाले. घणसोलीतल्या एका छोट्या रुग्णालयात सोनोग्राफीखाली सुईने थोडा पू काढला आणि तो कापसाच्या काडीवर घेऊन तपासणीला पाठवला. रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ आला, ताप मात्र उतरला नाही. नंतर मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅनच्या मदतीने नळी घातली, पू सिरिंजमध्येच लॅबला गेला आणि तिसऱ्या दिवशी जंतूंची नावे आल्यावर इंजेक्शन बदलले. एकाच गळूचे दोन वेगळे निकाल कसे? आणि औषध आधीच सुरू असताना नाव कळून काय उपयोग?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या कापसाच्या काडीत आहे. काडीवर जेमतेम थेंबभर पू बसतो, तो लॅबपर्यंत पोहोचेतो सुकतो आणि सगळीकडून त्याला हवा लागते. फुटलेल्या अपेंडिक्सच्या गळूत आतड्यातलेच जंतू असतात आणि ते सहसा एकटे नसतात : ई. कोलायच्या जोडीला बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिससारखे, हवेत वाढू न शकणारे जंतूही असतात. असा पू काही मिलिलिटर तरी सिरिंजमध्ये घ्यावा, आतली हवा काढून टाकावी, सुई काढून टोपण लावावे आणि फ्रिजमध्ये न ठेवता लगेच लॅबला पोहोचवावा. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. अशी सिरिंज उघडताच जो उग्र, कुजकट वास येतो, तोच बिनहवेच्या जंतूंची पहिली खूण असतो. पुढे ग्रॅम रंग (जंतू दिसावेत म्हणून देतात तो रंग) दिलेल्या काचपट्टीवर पूपेशींच्या गर्दीत गुलाबी दांड्यांसारखे जंतू दिसतात. हे तासाभरात कळू शकते. कधी काचपट्टीवर जंतू दिसतात आणि कल्चरमध्ये, म्हणजे पोषक माध्यमावर जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच उगवत नाही. म्हणून नुसत्या ‘नो ग्रोथ’वरून गळूत जंतू नाहीत असे मानू नये.

आता दुसरा प्रश्न. गळूच्या भिंतीतून रक्तातले औषध आत नीट पोहोचत नाही, म्हणून पू बाहेर काढणे हाच उपचाराचा कणा आहे. पूर्वी त्यासाठी बहुतेक वेळा पोट उघडावे लागे. आता सोनोग्राफीवर किंवा सीटीवर आतडी आणि रक्तवाहिन्या चुकवून वाट ठरवतात आणि टोकाला वेटोळे असलेली ‘पिगटेल’ नळी आत सोडतात. ती साधारण ८ ते १४ फ्रेंच मापाची, म्हणजे सुमारे पावणेतीन ते पावणेपाच मिलिमीटर जाडीची असते. मात्र पू निघाला तरी आजूबाजूला पसरलेल्या संसर्गाला नेमके औषध लागतेच. आपल्याकडच्या ई. कोलायमध्ये सेफ्ट्रिॲक्सोनसारख्या नेहमीच्या इंजेक्शनांना दाद न देणारे प्रकार बरेच आढळतात आणि ते ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे कल्चर व त्यावरची औषधसंवेदनशीलता चाचणी, म्हणजे कोणते औषध त्या जंतूवर चालते याची तपासणी. सासऱ्यांचे इंजेक्शन बदलले ते बहुधा यामुळेच. याच चाचणीमुळे भारी औषध थांबवून साध्या औषधावर येणेही शक्य होते, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. औषध आधी सुरू होते म्हणून पू पाठवण्यात अर्थ नाही, हा समजही बरोबर नाही. भिंतीआड औषध कमी पोहोचत असल्याने जंतू पुष्कळदा तरीही वाढतात.

बिनहवेचे कल्चर सगळ्या लॅबमध्ये होत नाही आणि झाले तरी त्याला बरेच दिवस लागतात. म्हणून रिपोर्टमध्ये बॅक्टेरॉइड्सचे नाव नसले तरी डॉक्टर बिनहवेच्या जंतूंवरचे मेट्रोनिडॅझोलसारखे औषध चालू ठेवतात. ते आपण मनाने बंद करू नये.

गळू यकृतात असेल तर विचार बदलतो. मधुमेही रुग्णांत तेथे क्लेब्सिएला हा जंतू वारंवार सापडतो. अमीबा या एकपेशीय परजीवीमुळे झालेल्या गळूतला पू तपकिरी, चॉकलेटी रंगाचा आणि बहुधा बिनवासाचा असतो. अमीबा गळूच्या भिंतीलगत असल्याने पुवात तो पुष्कळदा दिसत नाही, म्हणून रक्तातल्या अँटिबॉडी पाहतात. कण्याजवळच्या सोआस स्नायूतल्या गळूत क्षयरोगाची शंका घेऊन पू सीबीनॅट (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणीला आणि कल्चरला पाठवावा लागतो. त्या कल्चरचा अंतिम रिपोर्ट यायला सहा आठवडे लागू शकतात. मधुमेह असलेला माणूस पावसाळ्यात भातलावणीला कोकणात गावी गेला असेल आणि नंतर यकृतात किंवा प्लीहेत गळू झाले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चिखलमातीतल्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या जंतूमुळे मेलिऑइडोसिस हा आजार होतो आणि लॅबला आधी सूचना नसेल तर हा जंतू स्यूडोमोनास हा दुसराच जंतू समजला जाण्याची चूक होऊ शकते.

सासऱ्यांची नळी अजून असेल आणि पुन्हा ताप आला, तर पिशवीत साठलेला पू तपासणीला देऊ नका. त्यात नंतर शिरलेले जंतू उगवतात आणि त्यांच्यावरच औषध सुरू होण्याचा धोका असतो. आधी नळी तुंबली आहे का आणि आत नवा कप्पा राहिला आहे का, हे सोनोग्राफीवर पाहून घ्यावे. तसा कप्पा दिसल्यास त्यातूनच ताजा पू सिरिंजमध्ये घेण्याची विनंती डॉक्टरांना करावी.